भावनांची पेटी: निम्मी कामाची, निम्मी माळ्यावर

आधी निकाल सांगतो, मग खटला. पाचपैकी तीन तारे. शरीराचा नकाशा आणि आवाज कमी करायला कानावर घालायचे इअरमफ या दोनच वस्तू असत्या तर चार दिले असते. चेहऱ्यांची कार्डं एकटी असती तर एक. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा पेट्या आता बऱ्याच जणांच्या मिळतात आणि आतला माल उन्नीस-बीस सारखाच असतो. 'इमोशन किट', 'फीलिंग्ज बॉक्स' असं काहीतरी फोनवर शोधलं की जी रांग लागते, त्यातलीच ही एक. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांना स्वतःच्या भावना ओळखायला आणि सांभाळायला शिकवायची, असा तिचा दावा. आम्हाला अडीच हजारांच्या आत पडली. भुसावळला वेळेवर आली, खोका एका कोपऱ्यात चेपलेला होता, आत सगळं शाबूत.

मी लोको पायलट, मालगाडीवर. राहायला रेल्वे कॉलनीत. मुलगा अकरा वर्षांचा, पाचवीत, मराठी शाळेत. घरात त्याला दादू म्हणतात. शाळेत जायच्या आधीच ऑटिझमचं निदान झालं. बोलतो, वाचतो, भुसावळ ते चाळीसगाव सगळी स्टेशनं सुलटी-उलटी म्हणतो, भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी अशी, आणि आपण म्हणताना मधलं गाळण गाळलं तर आपल्याला पहिल्यापासून म्हणायला लावतो. पण 'तुला काय होतंय रे?' याला त्याच्याकडे उत्तर नसायचं. आणि उत्तर नसलं की पुढे जे व्हायचं ते अख्ख्या लायनीला ऐकू जायचं.

शेजारपाजारचे त्याला हट्ट म्हणतात. हट्ट करणारं पोर रडता रडता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, कुणाचं लक्ष आहे का, आणि वस्तू हातात पडली की थांबतं. मेल्टडाउन झालेल्या, म्हणजे ताबाच सुटलेल्या पोराला तुम्ही मागेल ते आणून दिलं तरी थांबता येत नाही. ते त्याच्या हातातच उरलेलं नसतं. हा फरक पेटीतल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर नीट दिलाय, याचे गुण कंपनीला द्यायला हवेत. पुढची पानं मात्र इंग्रजी आणि हिंदीत, मराठीचा पत्ता नाही.

पेटीत काय काय येतं: चेहऱ्यांची चोवीस कार्डं, चार रंगांचा तक्ता, माणसाच्या आकृतीचा एक मोठा कागद आणि त्यावर चिकटवायचे वेल्क्रोचे तुकडे, इअरमफ, मांडीवर ठेवायची वजनाची उशी, चमचम भरलेली बाटली, श्वासाची कार्डं, आणि गळ्यात घालून चघळायचं रबरी पदक. पदक दादूने हातात घेतलं, वास घेतला आणि परत पेटीत ठेवलं. त्याबद्दल माझं मत नाही.

चेहऱ्यांच्या कार्डांबद्दल मात्र आहे. कार्डं गुळगुळीत, लॅमिनेशन केलेली, ट्यूबलाइटखाली धरली की अशी चमकतात की दादू चेहरा बघायच्या ऐवजी चकाकीच बघत बसतो. चित्रं कार्टूनसारखी. राग म्हणजे लाल गाल आणि कानातून वाफ. असा माणूस मी नोकरीत एकदाही पाहिलेला नाही, आणि मी रागावलेले बरेच साहेब पाहिलेत. तरी दादूने सगळी कार्डं धडाधड ओळखली. हा खूश, हा घाबरलेला, हा रागावलेला. आजी खूश झाली, मामाला फोन गेला. त्याच संध्याकाळी लाइट गेली, कूलर बंद पडला, पोरगं कॉटखाली शिरून फरशीवर डोकं आपटायला लागलं. आता त्याला कुठलं कार्ड दाखवणार?

चित्रातला राग ओळखणं वेगळं आणि स्वतःच्या पोटात चढत चाललेला राग ओळखणं वेगळं. कार्डांनी पहिलं तपासलं जातं. अडचण दुसऱ्याची असते.

जळगावला आम्ही ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंकडे जातो, त्यांनी हे उलगडून सांगितलं. ऑटिझम असलेल्या साधारण निम्म्या लोकांना स्वतःची भावना ओळखून तिला नाव देणं जड जातं. अलेक्सिथायमिया असं त्याचं भारदस्त नाव. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट असते. छाती धडधडतेय, घसा कोरडा पडलाय, लघवी लागलीय, भूक लागलीय, हे आतले निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीत, किंवा एकदम सगळे मिळून पोचतात. आतले निरोप कळण्याच्या या जाणिवेला इंटरोसेप्शन म्हणतात. आतला निरोपच कळला नाही तर 'मला राग आलाय' हे वाक्य पोरगं कुठून आणणार?

शिवाय दादू बिघडायच्या आधी हसतो. खरंच हसतो. डाव्या कानाची पाळी ओढतो, स्टेशनं भरभर म्हणायला लागतो, आणि ओठांवर हसू. कार्डाच्या हिशोबाने तो 'आनंदी'. पाहुणे म्हणतात, बघा किती मजेत आहे, आणि पुढच्या मिनिटाला ताट उडतं. डेमियन मिल्टन नावाचे एक ब्रिटिश अभ्यासक आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांच्या भावना कळत नाहीत ही अर्धीच बाजू झाली, इतरांनाही त्याच्या कळत नाहीत. पटण्यासारखं आहे. पेटीत आमचे चेहरे वाचायला त्याला चोवीस कार्डं दिली, त्याचा चेहरा वाचायला आम्हाला एकही नाही. ते एक आम्हीच केलं. पुठ्ठ्यावर कान ओढणारा दादू काढला, खाली लिहिलं 'मी हसतोय पण मला बरं वाटत नाहीये', आणि फ्रीजवर लावलं. पाहुण्यांनी वाचावं म्हणून.

आता पेटीतली सगळ्यात चांगली वस्तू. शरीराचा नकाशा. पांढऱ्या कागदावर माणसाची नुसती बाह्यरेषा, आणि 'गरम', 'घट्ट', 'धडधड', 'मुंग्या', 'जड', 'रिकामं' असे गोल तुकडे. मूळ शब्द इंग्रजीत, दादूच्या आईने वर मार्करने मराठी लिहिले. कागद जाड आहे, वेल्क्रो अजून टिकून आहे. पुस्तिका म्हणते, मूल अस्वस्थ झालं की नकाशा वापरा. ताईंनी नेमकं उलट सांगितलं आणि ते लागू पडलं: सगळं शांत असताना वापरा, आणि भावनेचं नाव काढू नका. नुसतं अंग.

म्हणून आम्ही स्टेशनचा पूल धावत चढून आलो की नकाशा काढायचो. दादू छातीवर 'धडधड' लावायचा. शेवभाजी झणझणीत झाली की जिभेवर 'गरम'. थंड पाण्याने आंघोळ केली की हातांवर 'मुंग्या'. मीही लावायचो, त्याची आईही. रात्रीची गाडी करून आलो की मी डोळ्यांवर 'जड' लावतो आणि झोपतो, कुणी काही विचारत नाही. फायद्याचा कागद आहे.

मग एका दुपारी शाळेतून आला, दप्तर टाकलं, नकाशापाशी गेला आणि जबड्यावर 'घट्ट' लावलं. मी काही बोललो नाही. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "गणिताचा तास. पंखा वाजतो." वर्गातल्या त्या पंख्याची कटकट आम्हाला तोपर्यंत माहीतच नव्हती. गणिताच्या तासाला त्याची जागा बदलते आणि तो पंख्याच्या बरोबर खाली येतो. सरांना सांगितलं, त्यांनी त्याला खिडकीशी बसवलं. चेहऱ्यांच्या कार्डांवर महिनोन्‌महिने घालवले असते तरी हा पंखा सापडला नसता.

दुसरं सापडलं ते तहानेचं. उन्हाळ्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो हे सांगायला नको. रोज चारच्या सुमाराला घरात भांडण पेटायचं. नकाशावर रोज तेच: घशाशी 'घट्ट', डोक्यावर 'जड'. पोराला तहान लागलेली कळतच नव्हती. आता साडेतीनला तांब्या भरून समोर ठेवतो, तो पितो, आणि चारचं भांडण बऱ्याच दिवशी होत नाही. याला भावनांचं व्यवस्थापन म्हणायचं की पाणी पाजणं, ते तुम्ही ठरवा.

चार रंगांच्या तक्त्याची कथा निराळी. निळा म्हणजे दमलेला, उदास, आजारी. हिरवा म्हणजे शांत. पिवळा म्हणजे चुळबुळ, काळजी, अति उत्साह. लाल म्हणजे ताबा सुटलेला. कल्पना मूळ अमेरिकेतल्या लिआ कायपर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टची, आणि त्यात कुठलाच रंग वाईट नाही असं स्पष्ट सांगितलंय. कल्पना चांगली आहे. दादूने तक्ता बघितला, निळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "असा सिग्नल नसतो."

आमच्या घरात या वाक्याला अपील नाही. निळा सिग्नल नसतो. आणि पुढे त्याने जे केलं ते मी तुम्हाला सविस्तर सांगणार आहे, कारण पेटी विकत घेण्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे. त्याने तक्ता उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला रेल्वेचे सिग्नल काढले. हिरवा: रस्ता मोकळा. डबल पिवळा, म्हणजे एकावर एक दोन पिवळे दिवे: पुढचा सिग्नल कमी वेगाने ओलांडायची तयारी ठेव. एक पिवळा: पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेव. लाल: जागेवर उभा. ज्यांना वाटतं की दोन पिवळे म्हणजे एकापेक्षा जास्त धोका, त्यांच्यासाठी सांगतो, उलटं आहे. लालच्या जवळचा तो एक पिवळा.

चार पायऱ्या झाल्या. आणि कंपनीच्या एका पिवळ्यापेक्षा या चांगल्या, कारण मधल्या जागेत दोन पायऱ्या आहेत. सगळं काम त्या दोनांतच असतं. मालगाडी लाल बघून ब्रेक लावल्यावर तिथल्या तिथे थांबत नाही. म्हणून तर स्टेशनच्या होम सिग्नलच्या, म्हणजे आत शिरायच्या सिग्नलच्या, साधारण एक किलोमीटर आधी डिस्टंट सिग्नल असतो, आगाऊ सूचना देणारा. दादू लाल झाला की त्याला शिकवायचं काही नसतं, समजवायचं नसतं, प्रश्न तर अजिबात विचारायचा नसतो. डोक्याखाली उशी सरकवायची, पंखा चालू, ट्यूब बंद, आणि आपण दाराशी गप्प बसायचं. जे काही करायचं ते डबल पिवळ्याला.

निळ्याचं काय, म्हणजे तो जेव्हा दमून, मिटून गप्प होतो तेव्हाचं? ताई त्याला शटडाउन म्हणतात. दादूने तक्त्यावर पाचवा गोल काढला आणि काळा रंगवला. विझलेला सिग्नल. नियम असा आहे की सिग्नल विझलेला दिसला तर तो लाल समजायचा आणि थांबायचं. हे त्याला मी कधीतरी सांगितलेलं होतं. आता शाळेतून आल्यावर काळ्या गोलावर बोट ठेवलं की आजीसुद्धा त्याला 'काय व्हयनं रे भाऊ?' विचारत नाही. ताट झाकून ठेवते.

आणखी एक नियम आमच्या इंजिनाच्या कॅबमधून घरात आला. गाडीवर लोको पायलट आणि असिस्टंट, दोघंही सिग्नल दिसला की मोठ्याने म्हणतात, हाताने दाखवतात. एकाने म्हटलं की दुसऱ्याने खात्री करायची. घरात आता तिघंही आपापला सिग्नल म्हणतो. "मी एक पिवळा, चुलीपाशी येऊ नका," असं दादूची आई म्हणते. चूल नाही, गॅस आहे, पण ती असंच म्हणते. मोठी माणसं स्वतःबद्दल बोलायला लागली की पोर बोलतं. नुसतं त्यालाच 'तुझा रंग कोणता, तुझा रंग कोणता' विचारत राहिलं की चौकशी बसल्यासारखं होतं. पुस्तिकेत हा मुद्दा एका ओळीत उरकलाय. त्याला दोन पानं द्यायला हवी होती.

आता तक्रार. हा रंगांचा तक्ता जिथे जातो तिथे त्याची शिक्षेची पाटी होते. एका शाळेत, नाव लिहीत नाही, दादूच्या आधीच्या वर्गात, भिंतीवर असाच तक्ता होता आणि ज्याचं नाव लालमध्ये जाईल त्याला मधल्या सुटीत बाहेर जायला बंदी. वहीत शेरा यायचा: 'आज लाल.' पोरगं नंतर लाल रंगाचा टी-शर्ट घालेना. भावना ओळखायला शिकवायची आणि ओळखली की शिक्षा द्यायची, मग कोण ओळखेल? हिरवं राहायचं म्हणजे गप्प राहायचं, एवढंच पोर शिकतं. आणि आतून लाल असून बाहेरून हिरवं दाखवणं ही फार थकवणारी गोष्ट आहे. शाळेत दिवसभर 'गुणी' असलेली ही मुलं घराच्या दारात येऊन का फुटतात, ते यावरून समजावं. पेटीवर ठसठशीत अक्षरात लिहायला हवं, 'हा तक्ता शिस्तीसाठी नाही'. लिहिलेलं नाही. अर्धा तारा तिथे गेला.

शिक्षकांनी हे वाचलं तर एक सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, ऑटिझम त्यात आहे. मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक आहे. वाजवी सोय म्हणजे लाखाचा खर्च नाही. आत्ताच्या गणिताच्या सरांनी दादूला एक पिवळं कार्ड दिलंय. ते टेबलावर ठेवायचं, टाकीपर्यंत जायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. कारण विचारायचं नाही. सुरुवातीला वर्गातली पोरं म्हणाली आम्हाला पण द्या. सर म्हणाले घ्या. दोन-तीन दिवस सगळे टाकीवर गेले, मग हौस फिटली.

इअरमफ. याला पूर्ण गुण. पाकिटावर पंचवीस डेसिबल लिहिलंय, मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, पण फरक पडतो. हे बॅटरीवाले महागडे हेडफोन नव्हेत. ते इंजिनासारखी एकसुरी घरघर चांगली मारतात, अचानकचा फटाका किंवा ताशा त्यांना तितका जमत नाही. साधे इअरमफ सगळंच थोडं खाली आणतात. एक सावधगिरी ताईंनी सांगितली: दिवसभर घालून ठेवायचे नाहीत, नाहीतर कानाला साधा आवाजही मोठा वाटायला लागतो. गरज पडली की घालायचे, संपली की काढायचे, आणि घालायचे की नाही हे शक्यतो त्यानेच ठरवायचं.

त्यांची परीक्षा झाली ती कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला. माझ्या आईचं गाव अमळनेर तालुक्यात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन. रविवार दादूला चालतो, रोट त्याला आवडतात आणि रात्री बायकांच्या गाण्याला एक चाल असते, ती त्याला पाठ आहे. सोमवारी मात्र गल्लीत बँड. आमची गल्ली बैलगाडीच्या मापाची, दोन्हीकडे माळवदाची घरं, आवाज जायला वाट नाही. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका पुढे, मध्ये नाचणारे, मागे तो बँड. दादू इअरमफ घालून माझ्या डाव्या हाताला. मी त्याच्या कानाकडे लक्ष ठेवून होतो, पण कानावर मफ असल्याने पाळी ओढायची सोय नव्हती, आणि हसू दिसतच होतं. ते नाचाचं हसू की ते दुसरं, कळेना.

मग त्याने हात वर केला. दोन बोटं, एकावर एक, आडवी. डबल पिवळा. आम्ही कॅबमध्ये जे हाताने दाखवतो, त्याची त्याने स्वतःची आवृत्ती केलेली होती, मला न विचारता. एवढ्या गर्दीत मी काय ऐकणार होतो, आणि तो काय ओरडणार होता? बोटं बघितली आणि त्याला घेऊन बाजूच्या बोळातून मागे निघालो. पारावर बसलो. तिथे बँडचा नुसता ठेका येत होता. त्याने मफ काढले, पाणी मागितलं. मागितलं, हे लक्षात घ्या, मी आपणहून दिलं नाही. चुलत मावशी शोधत आली, "कसाले बाहेर बठना रे भाऊ?" दादू तिला म्हणाला, "हिरवा व्हायचाय अजून." मावशीला काही समजलं नाही. ती बत्ताशांचा पुडा देऊन गेली.

बँड नदीकडे वळल्यावर आम्ही मिरवणुकीच्या शेपटीला जाऊन मिळालो. विसर्जन बघितलं. मागच्या वर्षापर्यंत आम्हा दोघांपैकी एकाला त्या सोमवारी त्याला घेऊन घरातच बसावं लागायचं.

वजनाची उशी. दीड किलोची, वर फ्लीसचं कापड. खान्देशात फ्लीस. मार्च लागला की ती मांडीवर घेणं म्हणजे गरम तवा घेणं. अंगावर दाब आला की काहींना शांत वाटतं हे खरं आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या टेंपल ग्रँडिन यांनी तरुणपणी गुरांना धरून ठेवायचा पिंजरा बघून स्वतःसाठी दाबयंत्र तयार केलं होतं. पण जाहिरातीत 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' लिहिलंय, ते जरा जपून घ्या. वजनाच्या पांघरुणावरची एक चाचणी २०१४ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आली होती. ६७ ऑटिस्टिक मुलं होती, पांघरुणाने झोप काही वाढली नाही. मुलांना आणि आईबापांना ते आवडलं मात्र. म्हणजे आवडत असेल तर घ्या, औषध म्हणून घेऊ नका. दादूच्या आईने जुन्या सुती साडीची पिशवी शिवून त्यात ज्वारी भरली. जास्त थंड, आणि खर्च शून्य. ज्वारीला पोरकिडा लागू नये म्हणून वर्षातून एकदा बदलावी लागते, एवढंच.

दाबाचं काम खरं तर घरात फुकट भरपूर असतं. पाण्याचे कॅन उचलणं, भिंत ढकलणं, पीठ मळणं. हिवाळ्यात भरिताची वांगी भाजली की ठेचायचं काम दादूकडे. काड्यांचा धूर त्याला सोसत नाही, म्हणून भाजताना तो आत, ठेचताना बाहेर. हातात लाकडी दांडका आणि दहा माणसांचं भरीत. ठेचून झाल्यावर तो अर्धा तास असा निवांत असतो की मी त्या वेळी त्याची नखं कापून घेतो. ज्यांच्याकडे असं मूल आहे त्यांना नखं कापणं म्हणजे काय ते माहीत आहे.

चमचमची बाटली: हलवायची आणि चमचम खाली बसेपर्यंत बघायचं. दादू कण मोजायला लागला, मोजून होईनात, चिडला. नंतर झाकणातून गळायलाही लागली. माळ्यावर. श्वासाची कार्डं: 'फुलाचा वास घ्या, मेणबत्ती फुंका.' मेणबत्ती म्हणजे वाढदिवस, वाढदिवस म्हणजे टाळ्या आणि फुगे फुटणं, आणि तो विषय आमच्याकडे काढायचा नसतो. तीही माळ्यावर. दुसऱ्या कुणाच्या पोराला हीच कार्डं लागू पडतील, हे मान्य. ही मुलं एका साच्यातली नसतात. म्हणूनच चोवीस कार्डांपेक्षा कोरा कागद जास्त द्यायला हवा होता.

घ्यायची तर कशी घ्या? पूर्ण पेटी एका घराने घेण्यात अर्थ नाही. शाळेने किंवा चार पालकांनी मिळून एक घ्यावी, आपल्या पोराला काय लागतं ते बघावं आणि तेवढंच नंतर सुटं आणावं. इअरमफ सुटे मिळतात, हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यातल्या कामगारांसाठीचे असतात तेही चालतात, फक्त पोराच्या डोक्याला बसतात का ते बघून घ्या. शरीराचा नकाशा तर घरी होतो. पोराला वर्तमानपत्रावर झोपवून कडेने पेन फिरवा, त्याच्या मापाचा होतो, आणि कंपनीच्या कागदापेक्षा ते त्याला जास्त आपलं वाटतं. आमच्या दादूला पेन फिरवताना गुदगुल्या झाल्या, म्हणून पाय अर्धवट राहिलेत.

वाचलेले पैसे थेरपीला ठेवा. दिव्यांगत्वाचं कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. त्याआधी ऑटिझम किती आहे ते मोजायची आयसा नावाची भारतीय मोजपट्टी लावतात, चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना ऑटिझमला लागू आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. पेटी विकणाऱ्याने यातलं काही सांगायचं कारण नाही, पण पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं आहे आणि तिथे आपल्या दुसऱ्या खेळण्यांची जाहिरात करण्याऐवजी हे छापलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. कोरं म्हणालो, म्हणजे जाहिरात सोडून कोरं.

मराठी पुस्तिका काढणार का, असं कंपनीला विचारलं. 'सूचना नोंदवली आहे सर' असं उत्तर आलं, खाली हसऱ्या चेहऱ्याचं चित्र. इअरमफच्या गाद्या घामाने सोलवटतात, एका उन्हाळ्यातच. नव्या गाद्या ते देत नाहीत. जुन्या बनियनच्या कापडाचं इलॅस्टिक लावलेलं कव्हर शिवलं की भागतं, धुताही येतं. माप हवं असेल तर विचारा, दादूच्या आईला विचारून टाकतो.